माळवदाची माती

घर बांधावें एकदां आणि राखावें जन्मभर, हा संसाराचा जुना हिशेब आहे. बांधण्याच्या वेळीं गवंडी असतो, सुतार असतो, मुहूर्त असतो, चार पाहुणे असतात. राखण्याच्या वेळीं मात्र घरधनी आणि घरधनीण यांखेरीज कोणी नसतें. फुटकें कौल बदलणें, भिंतीची भेग लिंपणें, घासणारें दार रंधून घेणें, गळणाऱ्या जागीं चार मुठी माती टाकणें, अशीं बारीकसारीक कामें कोणत्याही बखरींत लिहिलेलीं आढळत नाहींत. तरी घर उभें राहतें तें याच कामांवर. महाराष्ट्राच्या एका भागांत अशाच एका कामाचा इतिहास फार विलक्षण झाला आहे. ज्या दुरुस्तीनें पिढ्यानपिढ्या घर राखलें, तिच्याच ओझ्यानें एका पहाटे घर पडलें. आणि ज्या हातांनीं ती दुरुस्ती केली होती, त्यांनाच पुढें घर सावरण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. मराठवाड्यांतील माळवदाची ही हकीकत शहरांतील घरधन्यानेंही ऐकण्यासारखी आहे.

लातूर, धाराशिव आणि सोलापूर या बाजूचा मुलूख उन्हाचा. पाऊस बेताचा, झाडी विरळ, आणि काळा दगड मात्र भरपूर. कोंकणांत पाऊस चार महिने कोसळतो, म्हणून तेथील छप्पर उतरतें असतें. इकडे पाण्याहून उन्हाची चिंता मोठी. म्हणून छप्पर सपाट आणि मातीचें. त्यालाच माळवद म्हणतात. लांकडी खांब उभे करावयाचे, त्यांवर तुळया ठेवावयाच्या, तुळयांवर आडवीं लांकडें आणि त्यांवर फळ्या किंवा काटक्या अंथरावयाच्या. त्यांवर पाला, पाल्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांत वर पांढरी खारवट माती. खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणतात, आणि घराचा मोठेपणा खणांवर मोजतात.

या खारवट मातीचा गुण शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. शेतांत ती शत्रूसारखी. पावसाचें पाणी तिच्यांत मुरत नाहीं, वरच सांचून राहतें. पाणी लागलें, कीं तिचे बारीक कण फुगतात आणि त्यांच्यामधल्या वाटा बुजून जातात. शेतांत जो दोष, तोच छपरावर गुण ठरला. असें माळवद घरावर असलें म्हणजे वैशाखाच्या दुपारीं घरांत गारवा राही, रात्रीं वर अंथरूण टाकून झोंपतां येई, आणि दिवसा त्यावर धान्य, मिरच्या आणि कुरडया वाळत पडत. घराचें छप्पर आणि घराचें अंगण, दोन्ही कामें एकाच मातीनें होत.

परंतु माती ती मातीच. उन्हानें तिला तडे जातात, वाऱ्यानें ती उडते, पावसानें थोडी वाहून जाते, उंदीर-घुशी तिला पोखरतात आणि गवत तिच्यांत मुळें सोडतें. म्हणून मृगाच्या आधीं माळवदाची डागडुजी करणें हा घरोघरचा नेम होता. वरचें गवत उपटावयाचें, पन्हळी मोकळ्या करावयाच्या, भेगा बुजवावयाच्या, बैलगाडींतून पांढरी माती आणून ती टोपल्यांनीं वर चढवावयाची, पसरावयाची आणि धुम्मसानें चोपावयाची. या कामाला गवंडी लागत नसे. घरचीं माणसें आणि शेजारचे दोन हात पुरे होत. खालीं भिंती लिंपणें आणि जमीन सारवणें हें तर सर्वस्वीं बायकांचेंच काम असे.

या नेमांत एक गोष्ट मात्र राहून गेली. नवी माती घालण्यापूर्वीं जुनी काढणें हें कष्टाचें काम. काढतांना खालचा पाला आणि काटक्या उघड्या पडण्याचें भय; ऐन वेळीं पावसानें गांठलें, तर सारें पाणी घरांत. त्यापेक्षां जुन्यावर नवी घालणें सोपें. आजोबांनीं घातलेल्या मातीवर वडिलांनीं घातली, वडिलांच्या मातीवर मुलानें घातली. घर गळत नव्हतें; त्यामुळें दुरुस्ती उत्तम झाली असेंच प्रत्येकाला वाटे.

हिशेब करून पाहिला, तर त्या टोपल्यांचा अर्थ कळतो. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली घेतली, तर तिच्या माळवदावर एक इंच मातीचा थर म्हणजे दहा घनफूट माती. घनफूटभर चोपलेली माती ४५ किलोंच्या आसपास भरते. म्हणजे एका इंचाच्या थरानें छपरावर सुमारे साडेचार क्विंटल ओझें चढतें. त्यांतील कांहीं पावसानें वाहून जाई हें खरें. पण जें राही, तें सांठत जाई. जुन्या घरांवर हा थर दीड-दोन फुटांपर्यंत, आणि कांहीं ठिकाणीं त्याहूनही जाड झालेला होता. दोन फुटांचा थर म्हणजे तेवढ्याशा खोलीच्या डोक्यावर दहा टनांहून अधिक माती. भिजली म्हणजे आणखी जड.

भिंतींची कथा याहून निराळी नव्हती. दोन फूट, तीन फूट, कोठें कोठें त्याहूनही जाड अशी काळ्या दगडांची भिंत पाहिली, म्हणजे ती कशालाच दाद देणार नाहीं असें वाटे. वस्तुतः ती एक भिंत नसून दोन भिंती असत. बाहेरचा दर्शनी थर एक, आंतला थर दुसरा, आणि मध्यें लहान दगड, कपऱ्या व माती यांची भर. या दोन थरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड मधून मधून बसवावयाचे असतात. परंतु तसे दगड मिळविणें आणि घडविणें खर्चाचें, म्हणून ते क्वचितच बसविले जात. जोडावयाला चुना नसे, चिखल असे. कालांतरानें पाणी मुरून भिंतीला पोट सुटे. मग घरधनी वरून लिंपून तें झांकून टाकी. भेग दिसेनाशी झाली, कीं भिंत बरी झाली असें समजावयाचें, ही चूक केवळ खेड्यांतच होते असें नाहीं.

अशा घरांनीं किती तरी पावसाळे काढले. त्यांना कोणी हलवून मात्र पाहिलें नव्हतें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं, आणि चिखलांत बांधलेल्या दगडी भिंतींचें दुबळेपण तेथें उघड झालें. तो धडा मराठवाड्यांतील गांवांपर्यंत पोंचला नाहीं, याचें कारण समजण्यासारखें आहे. भूकंपाच्या भयाच्या दृष्टीनें देशाचे जे विभाग नकाशावर पाडले होते, त्यांत हा मुलूख सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या विभागांत होता. १९९२ सालच्या पावसाळ्यांत किल्लारीच्या परिसरांत जमिनींतून आवाज येऊं लागले आणि त्या ऑक्टोबरमध्यें धक्केही जाणवले. पुढें ते विरळ झाले. संसार कांहीं कायमचा उघड्यावर मांडतां येत नाहीं.

१९९३ सालीं २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून गांवें उशिरां झोंपीं गेलीं. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हादरली. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें तो मध्यमच म्हटला पाहिजे. तरी औसा तालुक्यांतील किल्लारी, त्या वेळच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूर आणि आसपासचीं गांवें भुईसपाट झालीं. सुमारे ८,००० माणसें गेलीं. माणसें घरांत झोंपलेलीं होतीं, आणि घरावरची माती त्यांच्या अंगावर आली. दगडाच्या मारानें जितकीं दगावलीं, तितक्याच सहजतेनें मातीखालीं श्वास कोंडूनही दगावलीं.

नंतर अभियंत्यांनीं गांवोगांवीं फिरून पाहणी केली, तेव्हां त्या ढिगाऱ्यांतून कांहीं गोष्टी स्पष्ट झाल्या. ज्या घरांत माळवदाचा भार लांकडी खांबांवर होता आणि खांब-तुळयांचे सांधे शाबूत होते, तेथें भिंती ढांसळल्या तरी छप्पर पुष्कळदां खांबांवर उभें राहिलें. जेथें तुळया नुसत्या भिंतींवर टेंकविल्या होत्या, तेथें भिंत फुटतांच सारी माती खालीं आली. गरिबांच्या कुडाच्या आणि गवताच्या झोंपड्या हलक्या असल्यामुळें बहुतेक वांचल्या. ज्याला दगडाचें घर परवडलें नाहीं, त्याचें घर राहिलें. आणि ज्यानें दरसाल निष्ठेनें माळवद राखलें, त्याचें गेलें. न्याय उलटा दिसतो, पण सृष्टीचा नियम सरळ आहे. भूकंपाचा धक्का जमिनीला आडवी हलवितो. खालची जमीन सरकली, तरी वरचें ओझें जागचें हलावयास तयार नसतें. ओझें जितकें जड, तितका त्याचा हा हट्ट मोठा. आणि त्याची सारी ओढ भिंतींना सोसावी लागते. ज्या भिंतींचे दोन थर एकमेकांना धरून नाहींत, त्यांना ती सोसवत नाहीं.

यांत घरधन्याचा दोष किती, हा प्रश्न नाजूक आहे. गळती डोळ्यांना दिसते. वजन दिसत नाहीं. गळती दरसाल येते. असा भूकंप कोणाच्या आजोबांच्याही आठवणींत नव्हता. जें संकट नित्य समोर होतें, त्यावर त्यानें उपाय शोधला आणि तो उपाय लागूही पडला. त्याच्या कष्टांत उणें नव्हतें. उणें होतें तें एका माहितीचें, आणि ती त्याला देण्याचें काम ज्यांचें होतें, त्यांनाही त्या भूमीविषयीं तशी शंका आली नव्हती.

पुढें काय करावें याचे दोन मार्ग निघाले. जीं ५२ गांवें पार उद्ध्वस्त झालीं होतीं, तीं दुसऱ्या जागीं नव्यानें वसवावयाचें ठरलें. सरकार, ठेकेदार आणि देशोदेशींच्या देणगीदार संस्था यांनीं तेथें सिमेंटचीं घरें उभीं केलीं. रस्ते सरळ, भूखंड चौकोनी, घरें सारख्या नमुन्याचीं. जुन्या घरांतील ओसरी, गोठा आणि भाऊबंदांचा शेजार यांना त्या आंखणींत फारशी जागा नव्हती. म्हणून राहावयास आलेल्या कुटुंबांनीं हळूहळू आपल्याच हातांनीं पत्र्याच्या पडव्या आणि गोठे त्या घरांना जोडले. तयार मिळालेलें घरही हात लावल्याखेरीज आपलें होत नाहीं, हें तेथें दिसून आलें.

दुसरा मार्ग संख्येनें याहून मोठा, पण त्याचा बोलबाला कमी झाला. ज्या गांवांत घरें पडलीं नव्हतीं पण खिळखिळीं झालीं होतीं, तेथें लोकांनीं आपलीं घरें आपणच सावरावयाचीं, असें ठरलें. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें १९९४ सालापासून चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमांत अशा पावणेदोन लाखांहून अधिक घरांचा समावेश होता. घर बांधून मिळावयाचें नव्हतें. पैसा आणि साहित्य हप्त्यांनीं मिळावयाचें, अभियंत्यानें पाहणी करावयाची, आणि काम घरधन्यानें करून घ्यावयाचें, अशी योजना होती. दगड-चिखलाचीं घरें कशीं बांधावीं आणि जुन्या इमारती कशा बळकट कराव्या, यांविषयींचे नियम भारतीय मानक ब्यूरोनें १९९३ सालींच काढले होते. ते नियम आतां कागदावरून गांवांत यावयाचे होते.

सांगितलेले उपाय चार प्रकारचे होते. पहिला करावयास सर्वांत सोपा आणि मनाला सर्वांत अवघड: माळवदावरची माती उतरवावयाची. पातळ थर तेवढा ठेवावयाचा आणि मातीच्या पोटांत प्लास्टिकचा कागद अंथरावयाचा. पाणी अडविण्याचें काम जाडीकडून काढून कागदाकडे दिलें, म्हणजे जाडीची गरजच उरत नाहीं. दुसरा उपाय भिंतीचा. तिला ठराविक अंतरांवर आरपार भोंक पाडून त्यांत आंकड्याची लोखंडी सळई बसवावयाची आणि तें भोंक काँक्रीटनें भरावयाचें. म्हणजे दोन थरांना जोडणारा जो दगड पूर्वीं बसविला नव्हता, तो मागाहून बसविल्यासारखें होतें. भोंक पाडतांना घण घालावयाचा नाहीं. दगड हलक्या हातानें एक एक मोकळा करावयाचा, नाहीं तर सैल भिंत तेथेंच बसावयाची. तिसरा उपाय खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरके आधार ठोकण्याचा, म्हणजे चौकट एका अंगाला कलंडत नाहीं. चौथा, दारांच्या आणि खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना बांधणारा पट्टा फिरविण्याचा; जुन्या पेटीला दोरी आंवळावी तसा. यांपैकीं कोणताही उपाय पहार, घमेलें आणि थापी चालविणाऱ्या माणसाच्या आवांक्याबाहेरचा नव्हता. लागत होतें तें काय कशासाठीं करावयाचें याचें ज्ञान.

तें ज्ञान घराघरांत नेण्यासाठीं गांवोगांवीं स्त्रियांची संवाद सहायक म्हणून नेमणूक झाली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें महिला मंडळांच्या द्वारें हें काम उभें केलें. हप्ता केव्हां मिळतो, सिमेंटांत वाळू किती मिसळावी, सळई कोठें वांकवावी, नव्या बांधकामावर पाणी किती दिवस मारावें, हें त्या शिकल्या आणि शेजारणींना सांगूं लागल्या. ज्यांनीं कधीं चावडीची पायरी चढली नव्हती, अशा बायका अभियंत्याला प्रश्न विचारूं लागल्या. पाहूं गेल्यास यांत अस्वाभाविक कांहींच नव्हतें. भिंत लिंपण्याचें काम ज्यांच्याकडे पूर्वापार होतें, त्यांच्याकडेच भिंत कां उभी राहते हें जाणण्याचें काम आलें.

तथापि सर्व कांहीं सुरळीत झालें, असें म्हणतां येणार नाहीं. दगडाविषयीं लोकांच्या मनांत धसका बसला होता. ज्या दगडांनीं शेजारच्या गांवचीं सोयरीं माणसें मारलीं, त्यांच्याखालीं पुन्हां निजावयाचें कसें? मदत हातीं आल्यावर जुन्या घराला बळकटी देण्यापेक्षां विटांची आणि सिमेंटची एक नवी खोली बांधण्याकडे बहुतेकांचा कल झाला. भीतीपोटीं केलेली ही निवड चुकीची म्हणवत नाहीं. परंतु एका खोलींत सारा संसार मावत नाहीं. आणि जेथें जुनें घर मातीसह तसेंच शेजारीं उभें राहिलें, तेथें त्याचा वापरही चालूं राहिला. जें भय दूर करावयाचें, तें भिंतीपलीकडे ठेवून दिल्यासारखें झालें. माती उतरविण्याच्या साध्या कामाचें महत्त्व नव्या खोलीच्या झळाळीपुढें फिकें पडलें. दुरुस्तीच्या नशिबीं हें नेहमींच येतें. ती नीट झाली, तर डोळ्यांत भरण्यासारखें कांहींच दिसत नाहीं.

तरी त्या वर्षांचे श्रम वायां गेले नाहींत. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां लातूर-धाराशिवकडील बायका तेथें गेल्या आणि आपलें घर आपण कसें उभें करावें, हें त्यांनीं तिकडच्या बायकांना सांगितलें. गुजरातेंत बहुसंख्य घरें सरकारी मदत घेऊन मालकांनींच बांधलीं. भूकंपाच्या विभागांचा नकाशाही बदलला. २००२ सालीं तो निर्धास्त पहिला विभाग रद्द झाला, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागांत आला.

शहरांतील घरधन्याला ही हकीकत दूरची वाटण्याचा संभव आहे. त्यानें एकदां आपल्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन पहावें. गच्ची गळूं लागली, कीं विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा घालण्याची चाल आहे. कांहीं वर्षांनीं तो गळूं लागतो. जुना काढणें धुळीचें, आवाजाचें आणि खर्चाचें. म्हणून त्यावरच दुसरा थर येतो. त्यावर फरशी येते, पाण्याच्या टांक्या येतात, हौसेच्या कुंड्या येतात. खालच्या मजल्यावर गळती थांबते आणि सर्वांना समाधान वाटतें. आंत सळईला गंज चढून छताचे पापुद्रे सुटूं लागले, तर त्यांवर लांबी भरून रंग दिला जातो. ठेकेदार बदलतो, कार्यकारी मंडळ बदलतें. वर किती थर झाले, याची नोंद कोणाजवळच नसते. मुंबईंत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणें कायद्यानें आवश्यक केलेलें आहे. पण कायद्याची वाट न पाहतांही, नवा थर घालण्यापूर्वीं खालीं काय आहे हें विचारतां येतें.

घरच्या दुरुस्तीला हात घालणें हें चांगलेंच आहे. ज्या घराला धन्याचा हात लागत नाहीं, तें घर लवकर खचतें. मात्र लिंपण्यापूर्वीं भेग कशानें पडली तें पहावें, आणि नवें चढविण्यापूर्वीं जुनें किती झालें तें मोजावें. जेथें मोजणें आपल्या समजुतीबाहेरचें असेल, तेथें जाणत्याला विचारावें. त्यांत कमीपणा नाहीं. मराठवाड्यांत ज्या घरांवर अजून माळवद आहे, त्यांवर मृगाच्या आधीं आजही टोपली चढते. तिनें तशी चढावें. परंतु पहिली टोपली भरून खालीं यावी, आणि मगच दुसरी वर जावी.